मानाचा फेटा आणि कोठीची किल्ली

ज्याला दूर्वांच्या एका जुडीत संतोष आहे, आणि आपले वाहन उंदराहून मोठे असावे असा हट्ट ज्याने आजवर धरला नाही, त्या श्रीगजाननाला प्रथम वंदन. त्यामागोमाग त्या वाग्देवीला, जिने या वृद्ध हाताला सत्य लिहिण्याची बुद्धी द्यावी आणि लिहिताना थोडा लगामही धरावा. प्रसंग शुभ आहे. बेळगावातील ज्या घराच्या माडीवर मी अर्धे आयुष्य भाडेकरू म्हणून काढले, त्या घराच्या मालकांची पंच्याहत्तरीची शांत येत्या गुरुवारी योजली आहे. त्यांची कन्या त्यासाठी सासरहून आली, माडीवर येऊन पाया पडली आणि म्हणाली, "गुरुजी, बाबांवर चार शब्द लिहा. शांतीच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचायचे हाईत. पण गोड गोड नको. खरं लिहा."

"खरे लिहिले तर तुझे वडील रागावतील, बाळ."

"रागावू देत की. लई झालं तर काय करतील? बाजारात जातील."

वडिलांचे सारे चरित्र मुलीने एका वाक्यात सांगून टाकले. मी आता जे लिहिणार आहे ते त्या वाक्यावरचे भाष्य समजावे.

मालक मूळचे निपाणीजवळच्या एका खेड्यातील शेतकरी घरातले. दोघे भाऊ. थोरले शेतीवर राहिले. त्यांना सारा गाव आप्पा म्हणतो. धाकट्यांना त्यांनी शिकवले, आणि धाकटे बेळगावला सरकारी कचेरीत चिकटले. कारकून म्हणून आत गेले, हेडक्लार्क होऊन बाहेर आले. या सगळ्या काळात त्यांची देवाजवळ एकच मागणी होती, की कोणीतरी आपल्याला 'साहेब' म्हणावे. कचेरीत साहेब निराळा असे. घरी त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सर्व आक्का म्हणतो, 'आवं' यापलीकडे कधी गेल्या नाहीत. आणि आप्पा तर धाकट्याच्या डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी त्यांना 'बारक्या' अशीच हाक मारीत.

आपल्या शास्त्रांनी ग्रहपीडेवर दाने सांगितली आहेत. शनी कोपला तर तेल आणि तीळ, गुरूसाठी हरभऱ्याची डाळ आणि पिवळे वस्त्र. मालकांनी याच धर्तीवर एक स्वतंत्र शास्त्र रचले होते. प्रत्येक अपमानाची एक वस्तू ठरलेली असे. अपमान झाला, की सूर्यास्ताच्या आत ती वस्तू घरी यावी. फरक इतकाच होता, की ग्रहाचे दान दुसऱ्याला द्यायचे असते. मालक ते स्वतःच घेत.

कचेरीत एकदा वरिष्ठांनी त्यांचा कन्नड मसुदा तांबड्या शाईने सुधारून परत पाठवला. वस्तुतः मसुद्यात चुका होत्या, आणि त्या दाखवणाऱ्याने त्या सौम्यपणेच दाखवल्या होत्या. दुसरा कोणी असता तर त्याने व्याकरणाचे पुस्तक उघडले असते. मालक संध्याकाळी खडेबाजारात गेले आणि सोनेरी टोपणाचे एक जाडजूड पेन घेऊन आले. पुढे मसुदे परत येत गेले, आणि मालकांच्या खिशातील पेने वाढत गेली. लिहायला मात्र ते सरकारी बॉलपेनच वापरीत. महागड्या पेनांतून शाई गळत असे. त्या शाईने सदरे डागाळत, डागाळलेल्या सदऱ्यावरून कोणी तरी बोले, आणि मग नवे सदरे येत.

निवृत्तीनंतर एकदा बँकेत एका कोवळ्या मुलीने आपली खुर्ची सोडली आणि आदराने म्हटले, "अज्जा, इकडं बसा." एवढ्या सत्कारावर दुसऱ्याने आशीर्वाद दिला असता. मालक बसले नाहीत. तिसऱ्या प्रहरी टेम्पोतून एक ट्रेडमिल आली. त्या यंत्रावर मालक एकदाच चालले, तेही कुंपणाकडे तोंड करून, शेजारच्यांना दिसावे म्हणून. तेव्हापासून त्याच्या पट्ट्यावर आक्का सांडगे वाळत घालतात आणि दांडीवर लुगडे. यंत्र उत्तम आहे. सांडग्यांना वारा चांगला लागतो.

"माणसाकडं वस्तू पाहिजे, गुरुजी," ते मला नेहमी सांगत. "आपण कितीबी बोला, कुणी ऐकत न्हाय. वस्तू बोलती."

आतून आक्कांचा आवाज येई. "मग चहा बी तिलाच मागा."

वस्तू बोलते यावर त्यांची इतकी निष्ठा होती, की वस्तूंची खोकीही ते टाकीत नसत. टीव्हीचे खोके, मिक्सरचे खोके, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचे खोके अशी सोप्यावर, म्हणजे पुढच्या पडवीत, एक भिंतच उभी होती. छापील बाजू रस्त्याकडे. घरात आलेल्या पाहुण्याला बसायला जागा नसे. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला घरात काय काय आहे ते उभ्या उभ्या कळत असे.

एक गोष्ट मात्र मला लागली, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्या गल्लीतल्या देवळात एका चतुर्थीला पुजाऱ्याने तीर्थ आधी एका कंत्राटदाराला दिले आणि मग मालकांना. घरी येऊन त्यांनी संगमरवरी देवघर मागवले. ते इतके मोठे होते की आणणाऱ्यांनी दाराची चौकट काढली. त्यात घरचे पिढीजात टाक ठेवले तेव्हा ते दिसेनासेच झाले. "देव ल्हान पडल्यात," मालक म्हणाले, आणि मोठे देव आणायला गेले. ज्यांच्यापुढे यांच्या आजोबांनी कपाळ टेकले ते देव लहान पडले!  जुने टाक आक्कांनी पदराने पुसले आणि स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवले. त्या घरातली पूजा तेव्हापासून त्या कोनाड्यातच होते. बाहेर संगमरवरात नुसते दिवे लागतात.

आता फेट्याची गोष्ट.

आप्पांच्या मुलाचे लग्न गावी होते. आमंत्रण माडीवरही आले होते, म्हणून मीही मालकांबरोबर गेलो. मालकांनी त्या लग्नासाठी खडेबाजारातून सूट घेतला होता, राखी रंगाचा, त्यावर बारीक चकाकणारी रेघ. उन्हाळ्याचे दिवस. मांडवात सर्व माणसे पांढऱ्या सदऱ्यांत वारा घेत होती आणि मालक पहिल्या रांगेतील सोफ्यावर शिजत होते.

या भागातील लग्नांत दोन मान असतात, ते परक्या वाचकासाठी सांगितले पाहिजेत. एक मान पाहुण्यांचा. लाउडस्पीकरवरून एकेकाचे नाव पुकारतात, तो व्यासपीठावर जातो, त्याला फेटा बांधतात आणि नारळ देतात. दुसरा मान घरच्याचा. त्याचे नाव कोणी पुकारत नाही. त्याच्या हाती कोठीची किल्ली देतात. तूप, गूळ, साखर, तेल ज्या खोलीत ठेवलेले असते ती कोठी. जेवणावळीची अब्रू तिथे असते, आणि म्हणून ती किल्ली रक्ताच्या माणसाशिवाय कोणाकडे जात नाही.

सकाळी नवरदेवाचा धाकटा भाऊ ती किल्ली घेऊन सोफ्याजवळ आला. "काका, आप्पांनी दिलीया. कोठी तुमी बघायची म्हनाल्यात."

मालकांनी किल्लीकडे पाहिले. ती तेलकट होती. "तुझ्या बाला सांग, मी तूप मोजायला आलो न्हाय. बसवा कुणालाबी."

मी हळूच म्हणालो, "मालक, घ्या. हा मान आहे."

"तुमास्नी न्हाय कळायचं, गुरुजी. सूट हाय अंगावर."

किल्ली परत गेली. अक्षता पडल्या. लाउडस्पीकर सुरू झाला. सरपंचांना फेटा, दूध डेअरीच्या चेअरमनना फेटा, कारखान्याच्या संचालकांना फेटा. प्रत्येक नावाला मालक सूट सावरून थोडे पुढे सरकत आणि पुन्हा मागे टेकत. शेवटी मांडववाल्यालाही फेटा बांधला गेला. मालकांचे नाव आले नाही. यायचेच नव्हते, घरच्या माणसाला घरचेच कसे पुकारतील? पण हा साधा हिशेब कोणी त्यांना सांगू शकत नव्हते. ते उठले आणि न जेवता एस.टी. स्टँडकडे चालू लागले. आक्का दोन दिवस राहून, भांडी आवरून, जावेबरोबर हसून-रडून मग परतल्या.

मी मात्र शेजारधर्माने मालकांबरोबर निघालो. बेळगावला उतरल्यावर ते घरी आले नाहीत. रिक्षा तडक खडेबाजारात. तिथल्या दुकानात जो सर्वांत भारी फेटा होता तो त्यांनी घेतला, दुकानदाराकडूनच बांधून घेतला, आणि सुटावर फेटा अशा थाटात ते घरी अवतरले. शेजारणीने कुंपणापलीकडून विचारले, "अय्या, काका! कुणाचं लगीन?"

त्या दिवसापासून पेन, सदरे, यंत्रे हे सर्व गौण झाले. कोणी काही बोलले की फेटा. नळाच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी वाजले, फेटा. पेन्शनच्या कचेरीत खिडकी तोंडावर बंद झाली, फेटा. एक स्वतंत्र कपाट भरले. केशरी, गुलाबी, जरीचा, लहरियाचा. एकदा तर ते विजेचे बिल भरायला फेटा बांधून गेले. रांगेतील लोकांनी वाट करून दिली, हे खरे. त्यांना वाटले, मागून वरात येत असावी.

आप्पांशी बोलणे बंद झाले ते बंदच. दिवाळीला नाही, पंचमीला नाही, बेंदराला नाही. आप्पांनीही निरोप पाठवला नाही. तेही त्याच बापाचे चिरंजीव; किल्ली परत आली याचा त्यांना डंख होता.

मग कन्येचे लग्न ठरले. ती निपाणीला बँकेत नोकरीस होती. स्थळ सदलग्याचे, शेती-वाडीचे, रोखठोक माणसे. उशिरा झालेली एकुलती एक लेक, तिला वडिलांनी काय मागशील ते देतो म्हणून सांगितले. तिने दागिना मागितला नाही. म्हणाली, "आप्पांनी माझ्या लग्नाला यायला पाहिजे. पाहुणा म्हणून न्हाय. घरचं मानूस म्हणून. मला तेवढं द्या."

 मुलगी स्वतः गावी गेली आणि आप्पांच्या उंबऱ्यावर बसून राहिली. आप्पा येतो म्हणाले.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मालक माडीवर आले. मुखावर तेज होते. मला वाटले, भाऊ येणार याचा आनंद. ते म्हणाले, "गुरुजी, असला फेटा बेळगावात कुणी बगितला न्हाय. अस्सल जर. आप्पांचं नाव पयलं पुकारायचं सांगून ठेवलंय. त्यांनी मला बोलावलं न्हाय. मी त्यांना सगळ्यांच्या आधी बोलावणार. त्या वक्ताला त्यांचं तोंड बगायचंय मला."

मी म्हणालो, "मालक, मुलीने काय मागितले होते?"

"मान मागिटला. मानच देतोय की!"

लग्न कार्यालयात होते. आप्पा आदल्या दिवशीच आले, धोतर, सदरा, पांढरी टोपी. कोणाला काही न विचारता त्यांनी आक्कांकडून कोठीची किल्ली मागून घेतली आणि कनवटीला खोचली. पहाटेपासून ते कोठीतून हलले नाहीत. कोणता डबा कुठे, कोणत्या पंगतीला किती, सारे त्यांच्या डोक्यात. मुलगी हळद लागलेल्या अंगाने तिथे जाऊन त्यांना चहा देऊन आली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होते ते कोणत्याही दुकानात मिळत नाही.

अक्षता पडल्या. सदलग्याच्या वऱ्हाडाची पहिली पंगत बसली. आणि लाउडस्पीकर गरजला, "आजचे पहिले मानाचे पाहुणे, वधूचे थोरले चुलते…"

आप्पा साखरेचे हात धोतराला पुसत बाहेर आले. काय झाले ते त्यांना कळेना. व्यासपीठावर त्यांची पांढरी टोपी काढली गेली आणि तो अद्वितीय फेटा चढवला गेला. बेंदराच्या बैलाला झूल घालताना तो जसा उभा राहतो तसे ते उभे होते. टाळ्या झाल्या. मालक स्वतःही फेटा बांधून समोर उभे होते आणि त्यांचे तोंड पाहत होते. तोंड त्यांना हवे होते तसेच झाले होते. पांढरे.

आप्पांनी कनवटीची किल्ली काढली आणि धाकट्याच्या तळहातावर ठेवली.

"पाहुण्याकडं कोठी ऱ्हात न्हाय. घ्या, साहेब."

ज्या शब्दासाठी या गृहस्थांनी इतकी पेने, इतके सदरे आणि इतके फेटे जमवले, तो शब्द त्यांना सख्ख्या भावाने दिला. मी जवळ होतो. फेटेवाल्या पुरुषाचा चेहरा फेट्याखाली एवढा लहान होताना मी कधी पाहिला नव्हता.

आप्पा जाऊन पहिल्या रांगेतील सोफ्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. पाहुणा म्हटले ना, मग पाहुणा.

इकडे आचारी ओरडत होता, "तूप काढा! तूप!" मालक कोठीकडे धावले. आत शिरताना फेटा चौकटीला अडकून वाकडा झाला. त्यांनी एक डबा उघडला, त्यात बेसन. दुसरा उघडला, मीठ. तिसऱ्याचे झाकण निघेना. पंगतीत भात वाढून झाला होता आणि तुपाअभावी हात थांबले होते. नवऱ्या मुलाचा मामा मोठ्याने म्हणाला, "का हो, तूप सदलग्यास्नं मागवायचं काय? गाडी हाय आमची भाईर." चार माणसे हसली. हसणे वाढत गेले. अशा हसण्यावर मुलीचे सासर तिला पुढे दहा वर्षे बोलते, हे मांडवातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते.

मुलगी मुंडावळ्यांसह कोठीच्या दारात येऊन उभी राहिली. मी व आक्का मागे होतो.

"बाबा, काय शोधायलायसा?"

"तूप."

"तूप कुठं हाय ते आप्पास्नी ठावं हाय. त्यांना उठवा." मग तिने मुंडावळ्या बाजूला सारल्या. "बाबा, मला आज या घरातनं जायचंय. मागं दोन पाहुणे सोडून जाऊ व्हय मी?"

मालकांनी वाकडा फेटा काढून काखेत धरला. बेसनाचे हात. सोफ्यापाशी जाऊन त्यांनी किल्ली पुढे केली. सारा मांडव पाहत होता, लाउडस्पीकरवालासुद्धा.

"आप्पा, उठा की."

"म्या पाहुना. आत्ताच सांगिटलं न्हवं भोंग्यावर?"

"आप्पा."

आप्पांनी प्रथमच मान वळवली. "माझ्या पोराच्या लग्नात किल्ली धाडलती. का घेटली न्हाईस?"

मला वाटले, आता हे काही तरी मोठे वाक्य बोलतील. पन्नास कारणे त्यांच्याकडे तयार असत. पण ते शाळेतल्या पोराच्या आवाजात म्हणाले,

"सूट नवा होता, आप्पा."

 आप्पांच्या मिशा हलल्या. "आनि आता?"

"आता त्यो अंगाला बसत न्हाय."

आप्पा असे हसले की डोक्यावरचा अस्सल जरीचा फेटा सोफ्यामागे जाऊन पडला, आणि तो उचलायलाही कोणी धावले नाही. त्यांनी किल्ली घेतली, कनवटीला खोचली आणि उठले. "चल बारक्या. त्यो पिवळा डबा हाय न्हवं, त्याला दोघं लागत्यात."

ती पंगत तुपाने न्हाली. सदलग्याच्या मामांनी भातावर तूप घेता घेता हात आडवा धरला तरी मालक वाढतच होते, बोडक्या डोक्याने.

आता वाचणाऱ्याने असे समजू नये, की त्या दिवसापासून मालक निरिच्छ झाले. असे काही झाले नाही. स्वभाव डाळीसारखा एका शिट्टीत शिजत नाही. आता तर खडेबाजारात जाण्याचेही कष्ट उरले नाहीत. मोबाइलवर बोट टेकले की पार्सल दारात. मागच्या महिन्यातच त्यांना नातवाने कोड्यात हरवले आणि पायऱ्यांवर बुद्धिबळाचा लाकडी पट आला. सोप्यावरची खोकी तशीच आहेत.

पण लग्नानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी एक खरेदी केली, तिचा उल्लेख करून मी थांबतो. सराफाकडून त्यांनी चांदीचा एक छल्ला घडवून आणला, कमरेला किल्ली अडकवण्याचा. माझ्यापुढे ठेवला. मी विचारले, "आज कोण काय बोलले?" ते म्हणाले, "कुणी न्हाय. आप्पांस्नी द्यायचा हाय." त्या घरात आलेली ही पहिली वस्तू, जी दान म्हणून बाहेर गेली. आप्पांनी ती कौतुकाने पाहिली, फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि आपल्या घरची किल्ली पुन्हा कनवटीलाच खोचली. यावर मालक रुसले नाहीत. बाजारातही गेले नाहीत. मी लक्ष ठेवून होतो.

गुरुवारच्या शांतीला आप्पा येत आहेत. कोठीची किल्ली त्यांच्याकडेच असणार. आक्कांनी ठरवले आहे, की पूजेला मालकांनी फेटा बांधायचा नाही, आणि संकल्प त्या कोनाड्यातल्या टाकांसमोरच सोडायचा. मालक म्हणाले, "बगू." त्यांच्या तोंडून हे होकारासारखेच मानावे लागते.

वाचकहो, ज्या देवाला आपण प्रारंभी वंदिले तो तुमच्या घरावर कृपादृष्टी ठेवो. तुमच्या देवघरात देव लहान न पडोत. तुमच्या दारात कार्य निघेल तेव्हा नाव पुकारून घेणारे पाहुणे पुष्कळ येवोत, पण न पुकारता येऊन कोठीत बसणारे एक तरी माणूस तुमच्या घराला असो. आणि त्याने किल्ली पाठवली, तर त्या दिवशी तुमच्या अंगावर जुनेच कपडे असोत.